गाडी दोन बोटं खाली आणायची, तर आधी शॉककडे बघा

रात्री साडेदहाला भाच्याचा फोटो आला. लाल रंगाची, २००१ सालची, दोन माणसांची माझदा मिआटा. छप्पर मागे दुमडलेलं. पुढचं चाक आणि त्यावरची मडगार्डची कड यांच्यामधल्या पोकळीत त्याने स्वतःची चार बोटं आडवी घातलेली. खाली एकच ओळ: ‘मामा, एवढी जागा घालवायची आहे. कुठली स्प्रिंग घेऊ?’

भाचा अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडजवळ असतो. मी चाकणच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं शॉक ॲब्झॉर्बरच्या टेस्टिंगला होतो. त्यामुळे घरातल्या कुठल्याही गाडीत कुठेही खडखड झाली, की ती मला फोनवर ऐकवली जाते. पण हा प्रश्न भाच्याचा एकट्याचा नाही. जमिनीला टेकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ सगळेच बघतात. दुकानात गेलं की ‘लोअरिंग स्प्रिंग’, ‘बत्तीस क्लिकचे शॉक’, ‘कॉइलओव्हर’ असे शब्द अंगावर येतात. यातलं कुठलं कशासाठी, हे विकणाऱ्यालाही बरेचदा धड सांगता येत नाही.

मी त्याला तेव्हा एवढंच लिहिलं: ‘स्प्रिंग नंतर बघू. आधी एक प्लास्टिकची केबल टाय आण.’ ती कशाला, ते पुढे येईल.

स्प्रिंगचं काम ओझं उचलण्याचं

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये उघड केला. दोन वर्षं आधी त्याने तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्यासारखा छापला होता. शोध आपल्या नावावर राहावा आणि दुसऱ्याला कळूही नये, असा दुहेरी बेत! नियम साधा आहे: जेवढा जोर, तेवढी स्प्रिंग दबते. जोर दुप्पट, तर दबणंही दुप्पट.

गाडीच्या भाषेत सांगायचं तर चाकाच्या जागी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलोचा भार लागतो, तो तिचा कडकपणा. आपण हिशेबाला सोपे आकडे धरू. गाडी टनभराची, म्हणजे एका चाकावर साधारण अडीचशे किलो. त्यातलं चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगच्या खालचं वजन वगळलं, तर स्प्रिंगवर राहिले २२० किलो. कडकपणा मिलिमीटरला २ किलो. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच स्प्रिंग ११० मिलिमीटर, अकरा सेंटिमीटर दबलेली असते.

हे लक्षात घेतलं की एक गैरसमज तिथल्या तिथे सुटतो. गाडी किती उंच उभी राहणार आणि स्प्रिंग किती कडक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब आणि मऊ स्प्रिंग, किंवा आखूड आणि कडक स्प्रिंग, दोन्हींवर गाडी त्याच उंचीला उभी राहू शकते. ‘तीस मिलिमीटर लोअरिंग’ एवढंच खोक्यावर लिहिलं असेल, तर अर्धीच माहिती मिळाली.

आता झोपाळा आठवा. त्याला ढकलून सोडून दिलं की तो आपल्याच लयीत हलत राहतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या गाडीलाही अशीच लय असते. घरगुती गाडीची लय सेकंदाला एक ते दीड झोके. स्पोर्ट्स कार दीड ते दोन. शर्यतीची, पण हवेचा दाब वापरणारे मोठे पंख नसलेली गाडी दोन ते अडीच. आपल्या हिशेबातली गाडी बरोबर दीडवर येते. लय जितकी जलद, तितकी गाडी चपळ, आणि तितकाच पाठीचा कणा रस्त्याशी ओळख वाढवतो.

शॉक म्हणजे चकलीचा सोऱ्या

झोपाळा आपोआप लगेच थांबत नाही, पाय जमिनीला घासून थांबवावा लागतो. गाडीत हे पाय घासण्याचं काम शॉक करतो. खरं तर नावच चुकलं आहे. धक्का पचवते स्प्रिंग, त्या धक्क्यानंतरचं डुलणं मारतो शॉक. ब्रिटिश लोक त्याला डँपर म्हणतात, ते जास्त बरोबर. आपल्या गॅरेजमधला ‘शॉकअप’ वेगळाच, पण गोड आहे.

आत असतं काय? तेलाने भरलेली नळी आणि त्यात वर-खाली जाणारा, बारीक भोकं असलेला दट्ट्या. दिवाळीत सोऱ्या चालवलेल्या कुणालाही हे समजवावं लागत नाही. सोऱ्या हळूहळू दाबला तर पीठ मुकाट बाहेर येतं. तोच घाईने दाबायला गेलं तर हात भरून येतो. पीठ तेच, भोकं तीच, फक्त वेग वाढला म्हणून विरोध वाढला. स्प्रिंग आणि शॉक यांच्यातला सगळा फरक या एका गोष्टीत आहे. स्प्रिंग विचारते, किती दाबलंस? शॉक विचारतो, किती जोरात दाबलंस? गाडी नुसती उभी असेल तर शॉक काहीच करत नाही. म्हणून ‘नवे शॉक टाकले की बसलेली गाडी उठेल’ ही आशा फोल. गॅसच्या दाबाने थोडंफार उचललं गेलं तर तेवढंच.

चकलीची चकती काढून बारीक शेवेची लावली की तेच पीठ दाबायला घाम निघतो. ॲडजस्टेबल शॉकवरचं बटण हेच करतं, तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करतं. आणि खड्ड्यात चाक आपटलं की? तेव्हा सगळं तेल त्या बारीक वाटेने जाऊ शकत नाही. अशा वेळी पातळ पोलादी चकत्या वाकून मोठी वाट मोकळी करतात. कुकरची शिट्टी जशी ठरावीक दाबाला उचलली जाते, तसंच.

या सगळ्यात झोक्याची ताकद जाते कुठे? तेल तापतं. खराब रस्त्यावरून तासभर आल्यावर शॉकच्या नळीला हात लावून बघा. हात लगेच मागे येईल.

उकिडवं बसून उडी मारून बघा

आता मूळ मुद्दा. ओट्यावरून खाली उडी मारताना आपण गुडघे वाकवतो, म्हणून लागत नाही. पण आधीच उकिडवं बसून, गुडघे पूर्ण दुमडून उडी मारली तर? वाकायला गुडघ्यात जागाच उरलेली नाही. धक्का थेट माकडहाडाला.

गाडी खाली आणणं म्हणजे तिला उकिडवं बसवणं.

चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर वर येतं, तेव्हा त्याला वर यायला मर्यादित जागा असते. ती संपायच्या आधी शॉकच्या दांड्यावर बसवलेला फोमचा किंवा रबराचा ठोकळा लागतो. त्याला बम्प स्टॉप म्हणतात. तो नसता तर लोखंडावर लोखंड आपटलं असतं. समजा, उभ्या गाडीत चाकाला बम्प स्टॉपपर्यंत ६० मिलिमीटर जागा आहे. मिलिमीटरला २ किलोच्या हिशेबाने, नेहमीच्या वजनाच्या वर आणखी १२० किलोचा भार स्प्रिंग एकटीने झेलते, मग बम्प स्टॉप मदतीला येतो.

आता ३० मिलिमीटरने खाली आणणारी स्प्रिंग लावली. जागा निम्मी झाली, ३० उरली. दुकानात मिळणाऱ्या अशा स्प्रिंगा मूळच्यापेक्षा थोड्या कडक असतात, समजा २० टक्के, म्हणजे २.४ किलो. तीस गुणिले २.४ म्हणजे ७२ किलो. आधी १२० किलो झेलणारी गाडी आता ७२ किलोतच ठोकळ्याला लागते. पूर्वीइतकंच झेलायचं असेल तर स्प्रिंग मिलिमीटरला ४ किलोची हवी, म्हणजे थेट दुप्पट कडक. तेव्हा झोक्याची लय सेकंदाला दोनच्या पुढे जाते. ही शर्यतीच्या गाडीची लय झाली. क्लीव्हलंडमध्ये हिवाळाभर गोठून-वितळून फुटलेल्या डांबरावर ती घेऊन रोज ऑफिसला जायचं.

हाच हिशेब १५ मिलिमीटरसाठी करा. जागा उरते ४५, आणि पूर्वीइतकं झेलायला २.६७ किलोची स्प्रिंग पुरते, म्हणजे साधारण एक तृतीयांश जास्त कडक. झोके पावणेदोनच्या आसपास. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला शोभेल असं. पहिले पंधरा मिलिमीटर स्वस्तात मिळतात, पुढच्या पंधरांचं भाडं फार आहे. हे मी भाच्याला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने अंगठा पाठवला.

बम्प स्टॉपला लागणं हा गुन्हा नाही. आजकालचा फोमचा ठोकळा सुरुवातीला मऊ असतो, आणि बऱ्याच गाड्या भरधाव वळणावर त्याचा मुद्दाम थोडा आधार घेतात. घात होतो तो अचानक लागण्याने. वळणाच्या ऐन मध्यावर मागचं बाहेरचं चाक ठोकळ्याला भिडलं, तर त्या एका कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कितीतरी पट होतो. टायरची पकड सुटते आणि गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं. मिआटाच्या मागच्या बाजूला ही जागा मुळातच तोकडी आहे. म्हणून खाली आणलेल्या अनेक मिआटा स्प्रिंगवर कमी आणि फोमवर जास्त चालतात. चालवणाऱ्याला वाटतं, ‘वा, किती कडक झाली!’

आता केबल टाय. शॉकच्या चकचकीत दांड्यावर ती हलकेच आवळून खाली नळीपर्यंत सरकवून ठेवायची. गाडी रोजच्या रस्त्याने फिरवून आणायची. शॉक जितका दबला असेल तितकी ती दांड्यावर वर सरकलेली दिसते आणि तिथेच राहते. फुकटचं मोजमाप. भाच्याने पाठवलेल्या फोटोत मागची टाय वर जाऊन फोमच्या आत घुसली होती, आणि तो फोम शिळ्या पावासारखा भुगा होऊन दांड्याला चिकटला होता. ही गाडी कंपनीच्या मूळ उंचीवरच होती! चोवीस वर्षांचे शॉक, त्यात तेल उरलं तरी होतं की नाही कोण जाणे.

मग स्प्रिंग आणि शॉकची जोडी कशी लावायची

स्प्रिंग कडक केली की तिने साठवलेली ताकद परत येताना तितक्याच जोमाने येते. ती आवरायला शॉकही वाढवावा लागतो, पण त्याच प्रमाणात नाही. स्प्रिंग एक तृतीयांश कडक केली तर शॉक साधारण १५ टक्के वाढवला की पुरतं. स्प्रिंग दुप्पट, तर शॉक ४० टक्क्यांच्या आसपास. गणितात इथे वर्गमूळ येतं, बाकी काही नाही.

म्हणूनच जुन्या शॉकवर नवी आखूड स्प्रिंग चढवणं हा सगळ्यात वाईट सौदा. पाच-सात वर्षं झिजलेला शॉक मूळच्या मऊ स्प्रिंगलाही जेमतेम आवरत असतो. त्याला कडक स्प्रिंग दिली की गाडी पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर पुढचे शंभर मीटर होडीसारखी डुलते. शिवाय शॉकचा दट्ट्या आयुष्यभर ज्या भागात फिरला, त्याच्या खालच्या भागात आता त्याला राहावं लागतं. बिलस्टाइन ही जर्मन कंपनी एकाच जातीचे शॉक दोन प्रकारांत विकते: बी ६ मूळ उंचीच्या गाडीसाठी, आणि बी ८ आखूड, खाली आणलेल्या गाडीसाठी. आखूड का? चाक हवेत लोंबकळलं तरी आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत धरलेली राहायला हवी, सैल होऊन निसटायला नको.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगा एकमेकींना जुळतात का, हेही बघावं लागतं. मॉरिस ऑली नावाचा अभियंता रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅककडे गेला. त्याने दाखवून दिलं, की मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर गाडी उंचवट्यावर कमी हेंदकाळते. कारण उघड आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो. मिआटाची पुढची-मागची चाकं २.२६५ मीटर अंतरावर आहेत, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगात मागचं चाक सुमारे ०.१४ सेकंदाने मागून येतं. ते थोडं जलद हललं तर पुढच्याला गाठतं, आणि नाक-शेपटीचा सीसॉ होत नाही. म्हणून चारही स्प्रिंगा एकाच चांगल्या संचातल्या घ्याव्यात. ‘पुढच्या याच्या, मागच्या त्याच्या’ करू नये.

इथे एक खाचखळगा आहे. स्प्रिंगच्या खोक्यावर लिहिलेला कडकपणा आणि चाकाला जाणवणारा कडकपणा सारखे नसतात. मिआटाला चारही चाकांना दुहेरी विशबोन आहेत, म्हणजे चाकाला धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दोन दांड्या, आणि स्प्रिंग चाकापासून आत, त्यातल्या एका दांडीच्या मधल्या भागावर बसते. कडीपाशी ढकललं तर दार बोटाने लागतं, बिजागरीपाशी ढकलायला खांदा लावावा लागतो, तोच प्रकार. स्प्रिंग जर चाकाच्या ०.७ पट हलत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा ०.७ गुणिले ०.७ म्हणजे जवळजवळ निम्मा. म्हणून ‘माझ्या मित्राच्या होंडाला आठ किलोची आहे, मला पण आठच’ हे मापच चूक.

‘ॲडजस्टेबल’ म्हणजे नक्की काय फिरतं?

हा शब्द तीन वेगळ्या वस्तूंना चिकटवला जातो.

पहिली, उंची. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग शॉकच्या नळीवरच, आट्यांवर फिरणाऱ्या कड्यावर बसते. कडं खाली नेलं की गाडी खाली येते. यात कडकपणा बदलत नाही. पण साध्या रचनेत बम्प स्टॉपपर्यंतची जागा तेवढीच घटते. काही कॉइलओव्हरमध्ये खालची बैठक वेगळी फिरवता येते, त्यात स्प्रिंगला हात न लावता अख्खा शॉकच लांब-आखूड होतो. विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

दुसरी, परतीचा विरोध, रिबाउंड. चाक वर ढकललं गेलं ते स्प्रिंग दाबत. आता स्प्रिंग गाडीला वर फेकणार. ती फेक आवरणं म्हणजे रिबाउंड. नेदरलंड्सच्या कोनीचे पिवळे शॉक फक्त हेच बदलू देतात. दाबताना लागणारा विरोध कारखान्यातच ठरलेला. बरेच जण याला कमतरता समजतात. मला ते शहाणपण वाटतं. रस्त्यावरच्या गाडीत दाबण्याचा विरोध वाढवला की प्रत्येक खडा पाठीला कळतो, आणि नवखा माणूस नेमका तोच वाढवतो.

तिसरी, दाबताना आणि परतताना दोन्ही विरोध, एकाच बटणाने एकत्र किंवा दोन बटणांनी वेगवेगळे. दोन बटणांचे खरे चांगले शॉक महाग असतात. स्वस्तातल्या बत्तीस क्लिकवाल्यांचं, म्हणजे बटणाचे बत्तीस टप्पे असलेल्यांचं, सांगतो. टेस्टिंगला मशीनवर शॉक चढवून वेग आणि जोर यांचा आलेख काढायचो. बाहेरून आलेल्या एका नमुन्यात पहिल्या वीस क्लिकच्या रेषा एकमेकींवर इतक्या चिकटल्या होत्या, की साहेबांना वाटलं पेनच अडकलंय.

‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द दिसले तर एक लक्षात ठेवा: हा वेग गाडीचा नाही, शॉकच्या दट्ट्याचा आहे. वळणावर गाडी कलते, ब्रेकला नाक खाली जातं, तेव्हा दट्ट्या सेकंदाला काही सेंटिमीटरच हलतो. खड्ड्यात आपटल्यावर मीटरभर किंवा त्याहून जास्त. ताशी १२० च्या गुळगुळीत हायवेवर शॉक ‘लो स्पीड’मध्ये असू शकतो, आणि गल्लीतल्या खड्ड्यात वीसच्या वेगाने ‘हाय स्पीड’मध्ये.

बटण किती फिरवायचं? सगळ्यात मऊपासून सुरू करायचं. ओळखीच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने जायचं. उंचवट्यानंतर गाडी एका झोक्यात शांत होत नसेल तर थोडं वाढवायचं, एका वेळी पुढचंच किंवा मागचंच. डुलणं थांबलं की हात आवरायचा. त्यापुढे वाढवलं तर वेगळाच खेळ होतो. एक्स्प्रेस-वेवर टोल नाक्याआधी असतात तशा ओळीने आलेल्या रम्बलर पट्ट्यांवर चाक वर ढकललं जातं, पण रिबाउंड इतका घट्ट असतो की पुढची पट्टी यायच्या आत ते पूर्ण खाली येतच नाही. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली ओढली जाते आणि शेवटी, ओळखलंत ना, बम्प स्टॉप. चालक म्हणतो, ‘स्प्रिंग फार कडक आहे.’ स्प्रिंग बिचारी निर्दोष.

पण खाली आली की वळणावर चांगली चालतेच ना?

चालते. किती, ते बघू. वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. ते किती सरकणार, हे गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर एवढ्यावर ठरतं. टनभराची गाडी, चाकांतलं अंतर १.४२ मीटर, गुरुत्वमध्य ४६ सेंटिमीटरवर धरू, आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या ०.८ पट. सरकणारं वजन २५९ किलो. गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली की २४२. सतरा किलोंचा फायदा, साडेसहा टक्के. शून्य नाही, पण चांगले टायर याहून कितीतरी जास्त देतात.

या सूत्रात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच नाही, हे लक्षात आलं का? कडक स्प्रिंगने गाडी कमी कलते, पण एकूण वजन जवळजवळ तेवढंच सरकतं. बस वळणावर कमी झुकली म्हणून उभ्या प्रवाशाचा धक्का चुकत नाही.

आणि मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या, म्हणजे वरच्या दांडीऐवजी शॉकनेच चाक धरून ठेवलेल्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत, उलटच घडू शकतं. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडी खाली आणल्यावर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलवणारी तरफ लांब होते. खाली आणलेली गाडी जास्त कलू बघते! दुहेरी विशबोनच्या मिआटाला हा त्रास तुलनेने कमी.

आणि सरळ स्प्रिंगच कापली तर?

नको. वेटोळी कमी केली की स्प्रिंग कडक होते हे खरं. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं तर वीस टक्के कडक. पण टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होते, आणि गॅस कटरने कापताना पोलादाचं पाणी उतरतं. मग ती महिन्यागणिक बसत जाते. वेटोळी गरम करून बसवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको.

बसवताना जे कुणी सांगत नाही

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंची ताकद कोंडलेली असते. भाड्याच्या, आटे झिजलेल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने हे काम करायचं नाही, आणि तिच्या समोर तोंड करून तर कधीच नाही.

पण माझा आवडता मुद्दा वेगळा. विशबोनच्या मुळाशी रबराचे बुश असतात. ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर बुश त्याच स्थितीत घट्ट होतात. गाडी खाली उतरवली की सगळे बुश कायमचे पिळलेले. ते लवकर फाटतात, आणि गाडी हवी त्यापेक्षा उंच उभी राहते. मालकाला वाटतं स्प्रिंगच चुकीची आली. म्हणून बोल्ट आधी सैलच ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि मग आवळायचे. ओहायोत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे भाच्याचा एक बोल्ट बुशच्या नळीला गंजून जडला होता. तो शनिवार-रविवार त्यातच गेला.

शेवटी व्हील अलाइनमेंट. खाली आल्यावर चाकांचा वरचा भाग आत झुकतो आणि टोकं आत-बाहेर वळतात. अलाइनमेंट न करता चालवलं तर टायरची आतली कड काही महिन्यांत तारेपर्यंत जाते, आणि बाहेरून बघताना टायर नवाकोरा दिसतो. हेडलाइटचा झोतही परत बघून घ्यावा.

हे सगळं आपल्याकडे करावं का?

माझदाच्या गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्याच जात नाहीत. आपल्याला माझदा माहीत आहे ती स्वराज माझदाच्या ट्रक-बसमुळे. पण प्रश्न पोलोवाल्यालाही तोच आहे.

एक गंमत सांगतो. इंडियन रोड काँग्रेसच्या १९८८ च्या मानकातला स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. तो मिआटाच्या दोन चाकांमधल्या अंतरापेक्षाही लांब आहे. त्यामुळे पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्यावर मावतात, आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाकडे जास्तीत जास्त ३.८ सेंटिमीटर येतो. पोटाखाली अकरा सेंटिमीटर उरले तरी गाडी सुखाने जाईल. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, घासतं ते आपल्या आळीतल्या, रात्रीतून उगवलेल्या हातभर रुंद ब्रेकरवर. तो दोन चाकांच्या मधे मावतो, म्हणजे त्याची पूर्ण उंची पोटाला भेटते. तेव्हा मानक नव्हे, आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट ब्रेकर फूटपट्टीने मोजा, आणि मग ठरवा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली, नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून हटेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. जर्मनीत खाली आणणाऱ्या स्प्रिंगांसोबत तपासणीचे कागद येतात, ते गाडीशी लागू पडतात हे दाखवावं लागतं. आपल्याकडे तशी सरळ वाट नाही. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारणं बरं. अपघातानंतर सर्व्हेयर गाडीखाली वाकतो, तेव्हा विचारण्यात अर्थ नसतो.

भाच्याने काय केलं

आधी फक्त शॉक बदलले, रिबाउंड बदलता येणारे, सोबत नवे बम्प स्टॉप आणि वरचे रबर. स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या. महिनाभर तसंच चालवलं. ‘मामा, ही गाडी अशी चालते हे मला माहीतच नव्हतं,’ असा फोन आला. मला वाटलं, आता स्प्रिंगचा विषय मिटला. कसला मिटतोय. मग पंधरा मिलिमीटर खाली आणणारा, एक तृतीयांशच्या आसपास जास्त कडक असा चार स्प्रिंगांचा संच आला. मागच्या शॉकचं बटण अर्धा फेरा वाढवलं.

परवा त्याने दोन फोटो पाठवले. पहिल्यात मागच्या शॉकवरची केबल टाय, घर ते ऑफिस आणि परत अशा फेरीनंतरची: फोमच्या आठ मिलिमीटर खाली थांबलेली. दुसऱ्यात चाकावरच्या पोकळीत घातलेली बोटं, आता चारऐवजी तीन. खाली प्रश्न: ‘अजून एक बोट चालेल?’

मी त्याचा केबल टायचाच फोटो त्याला परत पाठवला.